गॅसच्या मापकाने टिपलेला आवाज

भोंगा मशिदीचा असो की मिरवणुकीतल्या डीजेचा, वाद निघाला की डेसिबलचा आकडा पुढे येतो. हा आकडा नेमके काय मोजतो, हे मला एका जुन्या दुर्घटनेच्या इतिहासातून नीट समजले.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. तिथून सुमारे १६० किलोमीटरवर बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता. त्या शहरातल्या गॅस कारखान्यात गॅसचा दाब मोजणारा मापक होता. त्याने पाऱ्याच्या अडीच इंचांहून मोठी उसळी घेतली. गॅससाठी बसवलेल्या यंत्राने स्फोटाचा आवाज टिपला होता.

यात चमत्कार काही नाही. हवा हाही वायूच. तिचे रेणू सतत आदळत असतात, त्यातून दाब निर्माण होतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. आवाज म्हणजे या दाबातला वेगवान चढउतार. साध्या बोलण्यात तो जेमतेम ०.०२ पास्कल, म्हणजे ६० डेसिबल. हा चढउतार दहापट झाला की डेसिबल फक्त २० ने वाढतात. म्हणून ६० आणि ८० यांतला फरक किरकोळ समजू नये. बटाव्हियातली उसळी सुमारे ८,५०० पास्कलची होती, म्हणजे १७२ डेसिबलच्या आसपास.

स्फोटाचा आवाज ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर चार तासांनी पोहोचला. तिथल्या पोलीस प्रमुखाला दूर तोफा धडाडत असल्यासारखे वाटले. कानांना ऐकू येईनासे झाल्यावरही दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरत राहिली. कोलकाता ते न्यूयॉर्क ठिकठिकाणच्या वायुभारमापकांवर तिची नोंद आहे.

डच सरकारने मृतांचा आकडा ३६,४१७ दिला. त्यातले बहुतेक आवाजाने नव्हे, त्सुनामीने गेले. बांतेन आणि लांपुंगच्या किनाऱ्यांवरची ही माणसे बहुतांशी मुसलमान होती. आवाजाचा हिशेब मिनिटामिनिटाने लिहिला गेला. त्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत.

डेसिबल मोजावेत आणि नियम सर्वांना सारखे लावावेत, असे माझे मत आहे. पण शेजारच्या घरात कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, हे मापकावर दिसत नाही. ते आपणच जाऊन विचारायचे असते.