सारवणापासून व्हिनाइलपर्यंत: पायाखालची जमीन का आकसते?

घरदुरुस्तीसाठी गटातून कर्ज घेणाऱ्या बायांकडून एक तक्रार सारखी कानावर येते. हौसेनं लाकडासारखं दिसणारं व्हिनाइलचं बंडल आणलं. आपण त्याला पीव्हीसी कार्पेट म्हणतो. ते भिंतीला भिडवून अंथरलं, आणि दुसरा उन्हाळा सरेपर्यंत कडेनं बोटभर फट पडली. दोन पट्ट्यांमधला सांधा उघडला, त्यात केर बसायला लागला. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ताई, तुम्हीच नीट अंथरलं नसेल." घरातही तेच ऐकायचं. दोष खरंच बाईच्या हाताचा आहे का? हे बघायला जरा मागं जावं लागेल.

आपल्या आज्या-पणज्यांची भुई मातीची. मुरूम टाकायचा, त्यावर पांढरी माती, धुम्मसानं चोपून घट्ट करायची आणि शेणानं सारवायची. काळी माती घरात कुणी घालत नसे, कारण पाऊस पडला की ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतातल्या भेगेत हात जातो हे आपण दरवर्षी बघतो. पांढरी मातीही सुकताना थोडी आकसतेच, पण शेणातल्या गवताच्या बारीक काड्या तिला धरून ठेवतात. तरी चीर पडली तर पुढच्या सारवणात ती बुजायची. म्हणजे ती जमीनही आकसत होती, फक्त बाईचा हात दर आठ-पंधरा दिवसांनी तिच्यावरून फिरत होता. त्या कामाला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही, मजुरी तर दूरच.

मग ऐपतीप्रमाणे शहाबादी फरशी आली. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण 1956 पर्यंत ते आणि आपली हिंगोली एकाच हैदराबाद राज्यात होते. हा चुन्याचा दगड ऊन-थंडीनं फार हलत नाही. सांधे सिमेंटनं भरले की बायकांची सारवणातून सुटका झाली. फरशीनं एक सवय मात्र लावली: जमीन एकदा केली की झाली, असं आपण धरून चाललो.

तिकडं इंग्लंडमध्ये वेगळंच चाललं होतं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या माणसाला रंगाच्या डब्यात सुकलेल्या जवसाच्या तेलाची चिवट साय दिसली. त्यावरून त्यानं जमिनीवर अंथरायचा कापडासारखा माल बनवला आणि 1863 साली त्याचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं लिनोलियम. लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल, दोन्ही लॅटिन शब्द. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस! हे तेल हवेनं सुकतं, घट्ट होतं आणि त्या मालाचाच भाग होऊन बसतं.

व्हिनाइलची गोष्ट इथंच वेगळी होते. 1872 मध्ये युजेन बाउमन या जर्मन शास्त्रज्ञाच्या बाटलीत, उन्हात राहिलेल्या वायूपासून एक पांढरा घट्ट पदार्थ तयार झाला. तोच पीव्हीसी. पण तो कडक आणि ठिसूळ, त्याचं काय करायचं ते कळेना. 1926 साली अमेरिकेत रबराच्या कारखान्यातले वॉल्डो सिमॉन धातूला रबर चिकटवायचा उपाय शोधत होते. त्यांनी पीव्हीसी तेलासारख्या द्रवात तापवला आणि तो रबरासारखा लवचिक झाला. 1933 च्या शिकागोच्या प्रदर्शनात व्हिनाइलच्या फरश्या लोकांनी पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या घराघरांत पसरल्या.

मेख त्या तेलात आहे. कणकेत मोहन घालावं तसं ते व्हिनाइलमध्ये असतं, पण जवसाच्या तेलासारखं पक्कं बांधलेलं नसतं. उष्णतेनं ते हळूहळू उडतं, रॉकेलनं पुसलं तर निघून येतं, वर रबरी पायपुसणं ठेवलं तर त्यात उतरतं. तेल गेलं की माल कडक होतो आणि आकसतो. सिमॉनना ज्या युक्तीनं यश आलं, तिच्यातच ही खोट आहे.

दुसरं कारण कारखान्यातलं. गरम लगदा मोठ्या रुळांमधून ओढून त्याची पट्टी काढतात आणि ताणलेली असतानाच थंड करतात. तो ताण आत कोंडून राहतो. नंतर ऊन लागलं की पट्टी मूळ मापाकडे परतते, आणि ती जास्त आकसते ती लांबीच्या बाजूनं. कारखानदारांना हे ठाऊक असतं. मालाच्या तुकड्याला 80 अंश सेल्सिअसला 6 तास ठेवून तो किती आकसतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणीच आहे, आणि बंडलाच्या मालाला साधारण 0.4 टक्क्यांपर्यंत सूट असते. 10 फुटांवर हिशेब केला तर 12 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बोटभर! चाचणीत पास झालेल्या मालाची ही गोष्ट. स्वस्तातल्या पातळ मालाची कुणी अशी चाचणी घेतलेली असेल, असं मला वाटत नाही.

त्यात आपली घरं पत्र्याची. मे महिन्यात आत काय भट्टी होते ते सांगायला नको. त्या दुपारी अगदी मापात कापलेली पट्टी डिसेंबरच्या पहाटे तोकडी पडते. 10 फुटांच्या पट्टीत 25 अंशांच्या फरकानं अर्धा सेंटिमीटर सहज जातो. थंडीतलं आकसणं उन्हाळ्यात भरून येतं, पण तेल गेल्याचं आणि ताण सुटल्याचं येत नाही.

तेव्हा बंडल आणलं की त्याच खोलीत उलगडून निदान एक दिवस तसंच पडू द्या, मग कापा. दुपारच्या उन्हात माप घेऊ नका. सुटं अंथरायचं असेल तर भिंतीकडं थोडी जागा सोडा आणि वरून पट्टी मारा. दारातून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. दोन पट्ट्यांचा सांधा पीव्हीसीची दोरी वितळवून जोडून देणारे कारागीर शहरात मिळतात, पण त्याचा खर्च आधी विचारून कर्जाच्या रकमेत धरा. आणि फट आधीच पडली असेल तर ओढून जुळवायला जाऊ नका, दुसऱ्या बाजूनं फाटतं. त्या कडेला लाकडाची किंवा प्लास्टिकची रुंद पट्टी ठोकली की भागतं. ही पट्टी हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते.