उन्हाबद्दल कुणी विचारलं?

सुरतचं नवागाम म्हणजे अर्धा खानदेश. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेनं नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसं उधन्याला उतरली, लूमवर लागली आणि नवागाम-डिंडोलीत राहिली. इथल्या मराठी शाळेत मी शिकवते. माझ्या गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर त्वचेच्या ल्युपसचे चट्टे आहेत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी लग्नकार्यात कुणीतरी अहिराणीत हटकतंच, ‘हाई काय व्हयनं तुना तोंडले?’ आणि कोड की कुष्ठ, हे विचारणारीनं मनात आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून या आजाराचा इतिहास वाचताना मी एकच गोष्ट शोधत गेले. रुग्णाला कुणी, कधी विचारलं?

पॅरिसच्या काझनाव्ह यांनी १८५१ मध्ये आजाराला आजचं नाव दिलं. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसींनी तो शरीराच्या आतही पोचतो हे दाखवलं. १८९४ मध्ये लंडनच्या पेन यांनी क्विनीन देऊन पाहिलं, १९५१ मध्ये पेज यांनी मेपाक्रिनचा गुण नोंदवला, आणि हिवतापाच्या औषधांच्या त्याच वाटेनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आलं. तीच गोळी मी घेते. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीनं लोकांनी ती भरून ठेवली, सरकारला निर्यात थांबवावी लागली. आमच्यासारख्यांची रोजची गोळी मात्र दुकानात मिळेना.

१८५१ ते १९५१ या शंभर वर्षांत चट्ट्याचा रंग, कड, खपली सगळं बारकाईनं लिहिलं गेलं. चट्टा घेऊन जगणारीला काय होतं, हे मोजायची रीत फार उशिरा आली. १९९४ मध्ये कार्डिफच्या फिन्ले आणि खान यांनी वेगवेगळ्या त्वचारोगांच्या १२० रुग्णांना विचारून १० प्रश्न तयार केले. गेल्या आठवड्यात लाज वाटली का? कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का? खरेदीत, घरकामात, बागेत अडचण आली का? गुण ० ते ३०. या दोघांचे उपकार मी मानते. पण त्यात ऊन नाही, आणि उन्हानं चट्टे वाढतात म्हणून आमचं अर्धं आयुष्य ऊन चुकवण्यात जातं.

आमच्या आजाराला धरून विचारायचं काम फिलाडेल्फियात व्हिक्टोरिया वर्थ यांच्या गटानं केलं. २००५ च्या त्यांच्या मोजणीत चालू आजार वेगळा आणि कायमचे व्रण वेगळे. माझी लाली गेली, व्रण राहिले. डॉक्टरांच्या लेखी मी बरी आहे, आरशात नाही. पुढे त्यांनी २९ प्रश्नांच्या एका यादीला ल्युपससाठी आणखी ३ जोडले, उन्हाच्या धास्तीचे आणि केस गळण्याचे. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की या रुग्णांचं मनःस्वास्थ्य मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णांइतकंच, काही वेळा त्याहूनही खालावलेलं असतं. हे वाचून मला रडू आलं. इतकी वर्षं घरात ‘नुसते डागच तर आहेत’ एवढंच ऐकलं होतं.

नवागामात कुणी असे प्रश्न घेऊन अभ्यास करायला आलं, तर बागेचा प्रश्न त्यांनी गाळावा, इथे बागा नाहीत. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला उन्हात नाचता आलं का, ते विचारावं. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा आईला आत बसायला सांगितलं का, तेही. अहिराणीत विचारावं, आणि सासू, नवरा खोलीत नसताना.