मामाजींचा ब्लेझर

मागच्या दिवाळीत गोंदियाला घरी गेलो होतो. आईने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली (दर दिवाळीला हे काम माझ्याच वाट्याला येतं, आयटीवाल्याला दुसरं काय येतं म्हणा!). त्या ट्रंकेत एक ब्लेझर निघाला. खिशावर नागपूर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली 'कबड्डी' आणि '१९७९-८०'. ब्लेझर मामाजींचा. आता त्यातून मामाजींचा एक हात जेमतेम आत जाईल.

मामाजी बाजूलाच राहतात. संध्याकाळी चहाला आले तेव्हा ब्लेझर समोर ठेवला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या टीममध्ये अमरावतीचे चार पोट्टे होते बे. त्यांच्याच भरोशावर टीम चालायची."

मी म्हटलं, "मामाजी, अमरावतीचे पोरं नागपूरच्या टीममध्ये कसे?"

"तेव्हा अमरावती आपल्यातच होती ना!"

हा प्रश्न डोक्यात राहिला. पुण्याला परत येताना महाराष्ट्र एक्स्प्रेस घेतली होती. गोंदियाहून सुटते आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापत कोल्हापूरला जाते, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. आणि लक्षात आलं की आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाचा इतिहास म्हणजे खरं तर विद्यापीठाच्या नकाशाचा इतिहास आहे.

कसं ते सांगतो. अमेरिकेत कॉलेज म्हणजेच टीम. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा सामना झाला, तिथला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल तिथून मोजतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा क्रिकेट सामना त्याच्याही आधीचा, १८२७ चा. त्या दोन विद्यापीठांच्या निळ्या रंगावरून संघातल्या खेळाडूला 'ब्लू' म्हणायची पद्धत पडली. आपल्याकडचा 'कलर होल्डर' हा त्याच घराण्यातला शब्द. पण आपली विद्यापीठं संलग्न कॉलेजांची. कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरताच. तिथे चमकलेल्या पोरांना निवड चाचणीला बोलावतात, त्यातून विद्यापीठाचा संघ बनतो आणि तो विभागीय स्पर्धेला जातो. म्हणजे तुमचा संघ किती तगडा, हे तुमच्या नकाशात कोणकोणती गावं आहेत यावर ठरतं.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी सुरू झालं, अवघ्या सहा कॉलेजांनिशी. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. कॉलेजं थोडी, पण नकाशा केवढा! मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे जबलपूरपासून अमरावतीपर्यंत. खेळाचं वातावरण शहरात आधीपासूनच होतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू (१९३२, लॉर्ड्स) नागपुरात जन्मलेले आणि हिस्लॉप कॉलेजात शिकलेले, अर्थात विद्यापीठ व्हायच्या आधी.

१९३५-३६ मध्ये रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला, विद्यापीठांची क्रिकेट स्पर्धा. पुढची कित्येक वर्षं मोठ्या क्रिकेटचा एक दरवाजा इथूनच उघडायचा. मला उगाचच कल्पना करायला आवडतं की जबलपूरची पोरं सामान घेऊन छोट्या लाईनने नैनपूर, बालाघाट करत गोंदियाला उतरत असतील आणि इथून मोठी गाडी पकडून नागपूरला जात असतील. तो नॅरोगेज मार्ग १९०५ पासून होताच. आता तोही राहिला नाही, ब्रॉडगेज झाला.

मग नकाशाला कात्री लागायला सुरुवात झाली. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंग गौर यांनी सागर विद्यापीठ काढलं आणि जबलपूरकडचा हिंदी भाग तिकडे गेला. (गौर हे आधी नागपूरचेही कुलगुरू होते, ही त्यातली गंमत.) १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली गेले. उरले नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. गोंदिया तर जिल्हा म्हणूनच १९९९ चा, त्याआधी भंडाऱ्यातला. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं.

यातली खेळाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी कात्री १९८३ ची, असं माझं मत. कारण अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलेला आखाडा, आणि १९३६ मध्ये त्याच मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. शारीरिक शिक्षणाचं कॉलेजही तिथेच. म्हणजे दिवसभर खेळ हाच ज्यांचा अभ्यास, अशी पोरं १९८३ पर्यंत नागपूरच्या संघात यायची आणि नंतर समोरच्या बाजूला उभी राहायला लागली. मामाजींचे ते चार पोट्टे म्हणजे याच आखाड्याच्या हवेतले. मामाजी डावा कोपरा सांभाळायचे. म्हणतात, "ते रेड मारायचे, आम्ही गोंदिया-भंडाऱ्यावाले पाय धरायचो."

याचा अर्थ अमरावतीचं विद्यापीठ व्हायला नको होतं असा नाही हं. उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नका. वाशीमच्या पोराने मार्कशीटसाठी नागपूरला खेटे घालण्यात काय अर्थ? पण हिशोबाची ही एक बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मांडली.

आता कबड्डीच का, तर त्याचंही कारण आहे. १९६१ मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा नियामक मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत घेतलं. तोवर विद्यापीठाचा खेळ म्हणजे क्रिकेट, हॉकी, टेनिस. मैदान हवं, साहित्य हवं, शहर हवं. कबड्डी आली आणि आमच्या झाडीपट्टीतल्या पोरांना दार उघडलं. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत चुन्याच्या रेघा ओढायच्या, झालं मैदान. मंडईच्या दिवसांत गावोगावी सामने, रात्री दंडार. त्यात १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. जे स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकले होते त्यांनी भंडारा जिल्ह्याच्या या टोकाला शाळा-कॉलेजं नेली. कॉलेज असेल तर कॉलेजचा संघ, संघ असेल तर निवड चाचणी. मामाजींसारखा धान पिकवणाऱ्या घरातला पोरगा या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणून ब्लेझरपर्यंत पोचला.

माझी कथा छोटी आहे. मीही कबड्डी खेळायचो, इंजिनिअरिंगच्या संघात. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली होती आणि आमच्या होस्टेलवर सगळ्यांनाच आपण राहुल चौधरी आहोत असं वाटायचं :) तिसऱ्या वर्षाला मला आणि आमगावकडच्या एका मित्राला (तो बी.ए. करत होता, दुसऱ्या कॉलेजात) नागपूरला चाचणीचं बोलावणं आलं. चाचणी मॅटवर. आम्ही दोघंही जन्मात मॅटवर खेळलो नव्हतो, मातीवर अनवाणी खेळायची सवय. त्याने कुणाचे तरी बूट मागून आणले, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून.

आणि मी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी माझं सबमिशन होतं. सरांनी नको म्हटलं नव्हतं, घरचेही अडले नव्हते. मीच मनाशी हिशोब केला की यातून नोकरी थोडीच लागणार आहे. स्टेशनवर त्याला सोडायला मात्र गेलो. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून ओरडला, "अजूनही चढ बे!"

त्याची निवड झाली. कापसाचे बूट घालून! कलर कोट मिळाला, पश्चिम विभागाच्या स्पर्धेत खेळला. पदक नाही मिळालं. महाराष्ट्रात २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदक बघतं. नुसत्या निवडीने भागत नाही. आज तो शेती करतो आणि गावच्या पोरांना संध्याकाळी खेळवतो. सध्या मॅटसाठी वर्गणी गोळा करतोय.

हे आठवलं की उमेश यादव आठवतो. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. क्लबकडून खेळला नाही म्हणून त्याला कॉलेजच्या संघात घेतलं नव्हतं. मग तो विदर्भ जिमखान्यात गेला, तिथे पहिल्यांदा लेदर बॉल हातात घेतला, आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. त्याला बाजूने जायला क्लबची वाट सापडली. सालेकसा-देवरीच्या पोराला अशी दुसरी वाट कुठे आहे? त्याला कॉलेजचीच वाट. आणि ती नागपूरला जाते, रेल्वेने गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटर, त्याआधी गावाहून गोंदिया. मुलींचं तर विचारूच नका, चाचणी लांबली की परतीच्या गाडीचा प्रश्न आधी.

१९५६-५७ पासून विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळासाठी मौलाना आझाद करंडक देतात. सुरुवातीला मुंबई-दिल्लीची नावं दिसतात, नंतर पंजाबातली विद्यापीठंच बहुतेकदा. खेळाडूंची होस्टेलं, खुराक, पूर्णवेळ कोच. यादी वाचली की कळतं. नकाशा लहान झाला तरी चालतं, पण मग उरलेल्या नकाशात पैसा ओतावा लागतो.

असो. पुण्याला आल्यावर मी मित्राला मॅटचे पैसे पाठवले. त्याने पावती पाठवली, त्यावर माझ्या नावापुढे 'माजी खेळाडू' लिहिलं होतं. मी फोन करून म्हटलं, अरे मी कुठे खेळलो? तर म्हणाला, "स्टेशनपर्यंत तर आला होतास ना."

ब्लेझर मामाजींनी घरी नेला. मामी म्हणत होत्या, ड्रायक्लीनला टाकलाय.