लाकडात लाकूड बसवताना

बोरी अरबच्या आसपास, किंबहुना सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात, लाकूड म्हटलं की साग. जडावकाम शिकू पाहणाऱ्याने मात्र सागाच्या शेजारची झाडं आधी पाहावीत. हळदू पिवळसर, शिवण फिकट दुधी, बिबला तांबूस, शिसम जांभळट तपकिरी. आणि ज्या टेंभुर्णीची पानं विडीसाठी तोडतात, तिच्या जुन्या खोडाचा गाभा काळाभोर. रंग न लावता, नुसतं लाकडात लाकूड बसवून चित्र उभं करायचं तर ही रंगपेटी पुरेशी आहे.

या कलेत यंत्र शिरलं म्हणून हळहळणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात विलायतेला गेलेल्या ‘बॉम्बे बॉक्स’ पेट्या आठवाव्यात. चंदन, आबनूस, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक काड्या जुळवून चिकटवायच्या आणि त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे. एकदा जुळवलेली नक्षी प्रत्येक कापात मिळे. काटछाटीतली युक्ती या कलेच्या मुळातच आहे.

आज लाकडाचे पातळ पापुद्रे कापणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी घडवला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याचं. १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा हा अदृश्य किरण लाकूड चटकन शोषतं आणि तेवढ्याच रेघेत जळून जातं. सागातल्या सिलिकामुळे पाती बोथटतात. इथे बोथटायला पातंच नाही.

पण किरणही आपल्या वाटेवरचं लाकूड खातो. म्हणून एकाच रेखाटनावरून कापलेलं पान खाचेत सैल बसतं. हातकामाचं उत्तर फार देखणं आहे: दोन पापुद्रे एकावर एक ठेवून करवत किंचित तिरपी धरायची, म्हणजे वरचा तुकडा खालच्या खाचेत उतरताना करवतीने खाल्लेली फट उताराच्या कडेने बुजते. लेसर बहुधा सरळच कापतो, त्यामुळे भरपाई रेखाटनातच करावी लागते. पान केसभर मोठं काढायचं. काळवंडलेली कड शिसमात लपते, हळदूत उठून दिसते.

माझा आग्रह असा, की लेसरपाशी जाण्याआधी निदान एक पान बारीक करवतीने कापावं. पानाच्या शिरा लाकडाच्या रेषांबरोबर वळवायच्या, तापलेल्या वाळूत कड धरून सावली आणायची, हे निर्णय संगणकातल्या रेखाटनात आपोआप येत नाहीत. ते डोळ्याला आणि बोटांनाच घ्यावे लागतात.

विदर्भातल्या वाचकासाठी आणखी एक प्रश्न ताजा आहे. इथला मे महिना लाकूड सुकवतो, आषाढ फुगवतो, आणि प्रत्येक जात सारखी हलत नाही. जाड जडावकामात उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेला तुकडा पावसाळ्यात कडा रेटतो. साग आणि हळदूचा जोड दोन्ही ऋतूंत मोजून नोंदवणं, हा अभ्यास कोणालाही घरच्या पडवीत आजपासून सुरू करता येईल.