गुहेतून वर्गात

योग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुहा येते, मृगाजिन येते, एकान्तात बसलेला साधक येतो. मास्तरांची शिट्टी आणि रांगेत चुळबुळ करणारी चाळीस मुले काही येत नाहीत. गुरूने एकेका शिष्याला पारखून द्यायची ही विद्या दहा मिनिटांपुरती शाळेच्या वेळापत्रकात येऊन बसली कशी? या कथेचा पुष्कळसा भाग महाराष्ट्रातच घडला आहे.

प्रथम आठवतात ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. १९०९ साली ते गादीवर आले. चित्रे काढणारा, कीर्तने करणारा, महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला हातभार लावणारा हा राजा स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घाली; आणि तोच नेम त्याने संस्थानातील शाळांना लावून दिला. साधन लागत नाही, जागा लागते ती अंगापुरती. दुष्काळी मुलखातल्या शाळेला याहून स्वस्त व्यायाम कोणता? मात्र राजेसाहेबांचा नमस्कार हा अर्धा व्यायाम, अर्धी उपासना. त्याला योग म्हणावे की नाही, हा वाद राहिलाच.

आसनांना शाळेचा दरवाजा उघडून दिला तो स्वामी कुवलयानंदांनी. पूर्वाश्रमीचे हे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी अंग कमावले, अमळनेरला शिक्षकी केली, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रिया त्यांनी क्ष-किरणांपुढे आणून तपासल्या. पण शाळेचा प्रश्न प्रयोगशाळेहून बिकट होता. आसन करायचे ते सावकाश, ज्याने त्याने आपल्या बेताने; कवायतीला तर सगळे एकदम हवे! स्वामींनी तोड काढली ती ‘यौगिक संघव्यायामा’ची. आसनाचे टप्पे पाडले, टप्प्यांना आज्ञा आणि आकडे दिले. एका शिक्षकाने सबंध वर्ग चालवावा अशी सोय झाली. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या तडजोडीत मिळाले पुष्कळ. ज्या पोराला आखाडा परवडत नव्हता, ज्या मुलीला आखाड्यात पाऊल टाकता येत नव्हते, तिलाही आसन मिळाले. पण आकडा मोजला की श्वासही आकड्याने चालू लागतो. आमच्या शाळेत शवासनाची आज्ञा होई आणि ‘कोण हलतो’ हे पाहत मास्तर छडी घेऊन फिरत. आम्ही निश्चल पडत असू. निश्चिंत मात्र कधीच नाही.

तो पेच अजून सुटलेला नाही. २०१५ पासून २१ जून हा जागतिक योगदिन झाला आणि मैदाने भरली. २०१७ साली शाळांत योग सक्तीचा करावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. शाळेत काय शिकवावे हे ठरवणे आपले काम नव्हे, असे त्याचे म्हणणे पडले. म्हणजे प्रश्न पुन्हा वर्गातच आला.

आणि तो तिथेच सुटायचा आहे. गणिताच्या तासाआधी पाच मिनिटे पाठ ताठ करून, श्वास येतो-जातो एवढेच मुलाने पाहिले, तर ते फार झाले. फक्त त्या पाच मिनिटांत मास्तरांनी छडी कोपऱ्यात ठेवावी, आणि जमल्यास स्वतःही डोळे मिटावेत.