वुल्फसनचे कागद

लिनक्स कर्नलच्या साउंड विभागात ‘सॉक-कोअर’ नावाची एक फाइल आहे. फोन, टॅब्लेट, रास्पबेरी पायला जोडलेले छोटे बोर्ड अशा उपकरणांतल्या आवाजाच्या चिपा ज्या चौकटीतून कर्नलशी बोलतात, त्या चौकटीचा हा गाभा. चौकटीचे नाव ‘ए-सॉक’. फाइलच्या माथ्यावर चार कॉपीराइट ओळी आहेत : २००५ वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, २००५ ओपन्डहँड, २०१० स्लिमलॉजिक, २०१० टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स. त्यांच्याखाली लेखक म्हणून लियम गर्डवुड यांचे नाव, आणि कोड, टिपा व कल्पना यांचे श्रेय रिचर्ड पर्डी यांना. मग राहिलेल्या कामांची छोटी यादी : आणखी कोडेक (आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या चिपा) आणि यंत्रांवर चाचण्या घ्यायच्या, आणखी चिपांना आधार द्यायचा.

मजकूर मूठभर आहे, पण सावकाश वाचला तर पुष्कळ सांगतो. पहिल्या दोन ओळींचे साल एकच आहे, म्हणजे चिप बनवणारी एडिनबरोची कंपनी आणि हातातल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी लंडनची कंपनी एकाच वेळी या कामात होत्या. पुढच्या दोन ओळी पाच वर्षांनंतरच्या. लेखकाच्या नावापुढचा ईमेल-पत्ता मात्र वुल्फसनचा नाही, स्लिमलॉजिकचा आहे. नोकरी बदलली तरी माणूस फाइलसोबतच राहिला, हे त्या एका पत्त्यावरून कळते. जुन्या ओळी कुणी खोडल्या नाहीत यालाही कारण आहे. कर्नलचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, प्रत्येक प्रतीवर योग्य कॉपीराइट नोंद देण्याची आणि परवान्याबद्दलच्या नोंदी जशाच्या तशा ठेवण्याची अट घालते. त्यामुळे अशा फाइलचा माथा बहुधा खाली वाढतच जातो. इतिहास लिहिणाऱ्याला याहून सोयीचा कागद क्वचितच मिळतो.

तरीही या कागदांची एक मोठी अडचण आधी सांगितली पाहिजे. कर्नलची आजची गिट-नोंदवही, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल टिपणारी वही, १६ एप्रिल २००५ पासून सुरू होते. त्या दिवशी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २.६.१२ आवृत्तीचा दुसरा उमेदवार सगळाच्या सगळा एका नोंदीत भरला. सोबतच्या निरोपात त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की आधीचा सगळा इतिहास हाताशी आहे, पण तो गिटमध्ये आणला तर सुमारे ३.२ जीबी होईल आणि सुरुवातीच्या दिवसांत त्याचा विनाकारण भार पडेल. निर्णय व्यवहारी होता. पण आज एखाद्या जुन्या ओळीचा माग काढत मागे गेले की २००५ च्या भिंतीवर डोके आपटते, आणि टोरवाल्ड्स यांनी कधीही न लिहिलेल्या असंख्य ओळींचे लेखक म्हणून त्यांचेच नाव समोर येते. नवख्याने तो पुरावा मानला तर इतिहास उलटा होतो. भिंतीपलीकडचे पाहायचे तर फाइलींचे माथे आणि जुन्या आवृत्त्यांचे गठ्ठे उलगडावे लागतात.

भिंतीपलीकडची हकिगत थोडक्यात अशी. हन्नू सावोलायनेन या फिनिश प्रोग्रामरने १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. तोच वाढत वाढत ‘ओएसएस’ झाला. चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी वेगळी वाट धरली आणि १९९८ मध्ये तिचा ‘अल्सा’ प्रकल्प झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये, २.५.५ आवृत्तीत, अल्सा मुख्य कर्नलमध्ये आले आणि ओएसएसला उतरती कळा लागली. ओएसएसचे उरलेले बहुतेक ड्रायव्हर काढून टाकायला मात्र २०१७ उजाडले. चालणारी जुनी गोष्ट कर्नलमध्ये कुणी घाईने फेकत नाही.

हे सगळे घरच्या कॉम्प्युटरच्या कार्डांचे झाले. हातातल्या यंत्रांचा प्रश्न निराळा होता, आणि तो ए-सॉकसोबत कर्नलमध्ये आलेल्या परिचयपर दस्तऐवजात मांडला आहे. कोडेक चिपांचे ड्रायव्हर त्या-त्या प्रोसेसरशी इतके घट्ट बांधलेले होते की डब्ल्यूएम ८७३१ या एकाच चिपसाठी चार वेगवेगळ्या प्रोसेसर-कुळांचे चार ड्रायव्हर लिनक्समध्ये होते. हेडफोन लावला, काढला, हे कळवण्याची ठरलेली रीत नव्हती. आणि गाणे वाजवायचे म्हटले की ड्रायव्हर अख्खी चिप जागी करत. टेबलावरच्या कॉम्प्युटरला त्याचे काही वाटत नाही, पण खिशातल्या यंत्राची बॅटरी त्यात संपते.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला, ती कसोटी इथेही लावायला हवी. हा परिचय म्हणजे ए-सॉकची बखर आहे. कर्त्यांनी स्वतःच, आपल्या कामाची बाजू मांडण्यासाठी लिहिलेली. तिच्यावर विसंबायचे तर पत्रांचा दुजोरा हवा, आणि तो मिळतो. ए-सॉकच्या पहिल्या पॅचेसवर, म्हणजे कोडमध्ये करायच्या बदलांच्या तुकड्यांवर, दोन-दोन तारखा आहेत. लेखनाची तारीख ऑक्टोबर २००६ ची, तर मुख्य वहीत नोंद झाल्याची फेब्रुवारी २००७ ची. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या २.६.२१ आवृत्तीत ते सर्वांना मिळाले. खाली सह्यांची उतरंड आहे. सहीची ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर दावा लावल्यानंतर, कर्नलमधला प्रत्येक तुकडा कुठून आला हे दाखवता यावे म्हणून. पॅच ज्याच्या हातून पुढे जातो त्याने सही करायची. ए-सॉकच्या त्या पॅचेसवर गर्डवुड यांच्यानंतर ताकाशी इवाई आणि शेवटी किसेला यांची सही दिसते. म्हणजे काम एडिनबरोत झाले, पण ते कर्नलमध्ये घेण्याची जबाबदारी अल्साच्या मेंटेनरांनी पत्करली.

त्या पॅचेसमधली डब्ल्यूएम ८७३१ ची फाइल जरा जवळून पाहण्यासारखी आहे. माथ्यावर लेखक रिचर्ड पर्डी आणि सोबत कबुली की ही फाइल गर्डवुड यांच्या डब्ल्यूएम ८७५३ च्या ड्रायव्हरवर बेतली आहे. खाली दहा आकड्यांची एक यादी येते, षोडशमान पद्धतीत : चिपच्या रजिस्टरांची, म्हणजे सेटिंग ठेवणाऱ्या कप्प्यांची, आरंभीची मूल्ये. पहिला आकडा ००९७. चिपच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिले तर हे डाव्या लाइन-इनचे रजिस्टर. त्यातला एक बिट सांगतो की आवाज बंद आहे, आणि शेवटचे पाच बिट सांगतात की उघडलाच तर पातळी शून्य डेसिबल. उजव्या बाजूलाही तेच. पुढचे दोन आकडे ००७९, हेडफोनच्या दोन कानांसाठी. सातवा ००९एफ. हे विजेचे रजिस्टर. त्याचा अर्थ असा की चिपला वीज मिळते तेव्हा तिचे इनपुट, माइक, दोन्ही बाजूंचे परिवर्तक, आउटपुट, सगळे निजलेले असते. ड्रायव्हरने एकेक भाग हाक मारून उठवायचा. कोणता भाग केव्हा उठवायचा हे ठरवणारी यंत्रणा ए-सॉकमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. आवाज ज्या वाटेने जाणार असेल, तेवढ्याच वाटेवरचे भाग ती चालू करते. बॅटरीबद्दल बखर जे म्हणते त्याचा पुरावा या आकड्यांत आहे.

पण हे दहा आकडे फाइलमध्ये लिहून ठेवावे का लागले? वरच्या टिपेत त्याचे कारण दिले आहे : दोन तारांवरून चिप चालवताना तिची रजिस्टरे वाचता येत नाहीत, म्हणून आपणच त्यांची प्रत ठेवतो. चिपला पाठवायचा प्रत्येक शब्द सोळा बिटांचा. त्यात सात बिट रजिस्टरचा पत्ता आणि नऊ बिट मजकूर. चिप ऐकते, पण उलट बोलत नाही. हेडफोनचा आवाज आत्ता किती आहे हे तिला विचारायची सोय नाही. म्हणून आपण शेवटचे काय सांगितले ते ड्रायव्हरने लक्षात ठेवायचे, आणि आरंभी काय होते ते माहितीपत्रकातून उतरवून घ्यायचे.

चिपच्या या मर्यादेतून पुढे जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. असे प्रत ठेवणारे तुकडे जवळजवळ प्रत्येक कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये पुन्हापुन्हा लिहिले जात होते. ते आधी ए-सॉकच्या गाभ्यात एकत्र आले. मग २०११ मध्ये वुल्फसनचे अभियंते मार्क ब्राउन यांनी रजिस्टरांशी बोलण्याचे असे सामाईक काम साउंड विभागाबाहेर काढून संपूर्ण कर्नलसाठी ‘रेगमॅप’ म्हणून लिहिले. ते ३.१ आवृत्तीत दाखल झाले, आणि प्रत ठेवण्याची सोय त्याला पुढे जोडली गेली. रेगमॅपच्या फाइलच्या माथ्यावर आजही २०११ वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स असेच लिहिलेले आहे. आता वीज-नियंत्रणाच्या चिपा, सेन्सर, घड्याळ-चिपा यांचे ड्रायव्हर रेगमॅप वापरतात, त्यांचा आवाजाशी काडीचा संबंध नसला तरी. त्याआधी २००८ मध्ये २.६.२७ आवृत्तीत आलेली व्होल्टेज-नियामकांची चौकटही याच घरातली. तिच्या माथ्यावर वुल्फसन आणि स्लिमलॉजिक ही दोन नावे लागोपाठ आहेत. आवाजाच्या चिपा विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या अभियंत्यांना पगार देऊन जे लिहून घेतले, त्याचा उपयोग तिच्या प्रतिस्पर्ध्यांनाही झाला. तो तसा होऊ दिला, याबद्दल त्या माणसांचे आणि कंपनीचेही ऋण मान्य केले पाहिजे.

कंपनी मात्र टिकली नाही. वुल्फसन १९८४ मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या परिघातून उभी राहिली. तिच्या चिपा ॲपलच्या आयपॉडमध्ये होत्या, पहिल्या आयफोनमध्येही. पुढे ॲपलचे काम अमेरिकेच्या सिरस लॉजिककडे गेले, आणि २०१४ मध्ये त्याच सिरस लॉजिकने सुमारे २९.१ कोटी पौंडांना वुल्फसन विकत घेतली. ओपन्डहँडला इंटेलने २००८ मध्येच घेतले होते. सॉक-कोअरच्या माथ्यावरची २००५ ची दोन्ही नावे अशी बाजारातून गेली.

माणसांचे काय झाले ते पत्त्यांवरून कळते. गर्डवुड यांचा पत्ता वुल्फसनकडून स्लिमलॉजिककडे, तिथून टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सकडे आणि पुढे इंटेलकडे सरकतो. ऑक्टोबर २००७ मध्ये अल्साच्या झाडून साऱ्या फाइलींमधला किसेला यांचा पत्ता एकाच पॅचने बदलला गेला, कंपनीचा जाऊन स्वतःचा आला. वुल्फसनची विक्री होण्याआधीच ब्राउन यांनी कंपनीचा पत्ता सोडून कर्नल प्रकल्पाचा पत्ता घेतला होता. या बदलांच्या आगेमागे तीच नावे पॅचेसवर सह्या करत राहिलेली दिसतात. जबाबदारी कंपनीकडे नव्हती, माणसाकडे होती, हे यावरून ठामपणे म्हणता येते.

तरी कंपनीचा वाटा पुसून टाकणे अन्यायाचे होईल. कर्नलच्या मूळ फोल्डरात ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल आहे. कोणत्या भागाची देखभाल कोण करते याची ती नोंद. प्रत्येक नोंदीला एक दर्जा असतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे या कामासाठी कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नाही. या फाइलमध्ये वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या ड्रायव्हरांची नोंद कंपनी विकली गेल्यानंतरही त्याच नावाने कायम आहे. पॅच पाठवायचा पत्ता तेवढा सिरसचा झाला. दर्जा ‘सपोर्टेड’च राहिला. वुल्फसनमधल्या काही अभियंत्यांची नावे विक्रीनंतर सिरसच्या पत्त्याने सह्या करताना आढळतात. ज्या कंपनीने घेतले, तिने हा वारसाही सांभाळला.

घरच्या लॅपटॉपची कथा याहून विस्कळित आहे. इंटेलने २००४ मध्ये एचडी-ऑडिओचा नमुना ठरवला, पण लॅपटॉप बनवणाऱ्यांनी स्पीकर आणि माइक कोडेकच्या कोणत्या पायाला जोडायचे ते आपापल्या मर्जीने ठरवले. रिअलटेकच्या चिपांची फाइल त्यामुळे फुगत दहा हजार ओळींपलीकडे गेली. तिच्यातल्या तक्त्यात एकेक ओळ एकेका लॅपटॉपची : उत्पादकाचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, नाव आणि करायची दुरुस्ती. त्यातल्या कितीतरी ओळींमागे आवाज न येणारा लॅपटॉप आणि तो दुरुस्त व्हावा म्हणून खटपट केलेला माणूस असतो. इवाई यांनी २०२५ मध्ये या फाइलचे चिपांच्या कुळांप्रमाणे तुकडे केले आणि एचडी-ऑडिओचा सारा कोड नव्या फोल्डरात हलवला.

वुल्फसनच्या डब्ल्यूएम ८७३१ चिपकडे परत येतो, कारण तिच्या कागदपत्रांतले शेवटचे प्रकरण महत्त्वाचे आहे. ए-सॉकच्या पहिल्या यंत्रांत शार्पचे झॉरस हे हातात मावणारे कॉम्प्युटर होते. त्यांची कर्नलमधली नावे कुत्र्यांच्या जातींवरून ठेवलेली : कॉर्गी, पूडल, टोसा, स्पिट्झ. कॉर्गी आणि पूडलमध्ये डब्ल्यूएम ८७३१ होती. २०२३ मध्ये, ६.३ आवृत्तीच्या वेळी, न वापरल्या जाणाऱ्या जुन्या बोर्डांचा आधार काढला गेला आणि कॉर्गी, पूडल, टोसा यांच्या साउंड-फाइली पुसल्या गेल्या. स्पिट्झ राहिली, कारण ती पुढे नव्या पद्धतीत आणता येईल असे पॅचच्या निरोपात म्हटले आहे. डब्ल्यूएम ८७३१ च्या ड्रायव्हरला मात्र या सफाईत हात लावावा लागला नाही. आदल्याच वर्षी ब्राउन यांनी त्याचा दोन तारांचा भाग आणि एसपीआय या दुसऱ्या जोडणी-पद्धतीचा भाग वेगवेगळ्या फाइलींत काढून तो नीटनेटका केला होता, आणि रास्पबेरी पायला जोडायच्या एका बोर्डासह इतर यंत्रे तो वापरत होती. चिपचा ड्रायव्हर यंत्रापासून सुटा ठेवायला हवा, असे २००६ च्या परिचयात मांडले होते. यंत्रे गेली आणि चिपचा ड्रायव्हर जागेवर राहिला, तेव्हा बखरीतल्या त्या विधानाला अस्सल कागदाचा दुजोरा मिळाला.