शाखांच्या भिंती आणि वाळूजचे कारखाने

महाराष्ट्र राज्य जन्माला आले त्याच 1960 साली तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. स्थापत्य, यंत्र, विद्युत ही शाखांची वाटणी त्या काळाला साजेशी होती. पदवीधरांना नोकरी देणारे मुख्यतः सरकारच होते आणि पाटबंधारे, बांधकाम, वीज मंडळ अशी त्याचीही घरे वेगवेगळी होती. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, 1976 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. स्थापत्य अभियंत्याची उमेदीची सारी वर्षे एकाच कामात जावीत एवढा तो पसारा होता. ही घडी पुढे मोडली ती कारखान्यांनी, विद्यापीठाने नव्हे. म्हणूनच दोन अभियांत्रिकी शाखांत पदव्युत्तर पदव्या घ्याव्यात का, या प्रश्नाचे उत्तर शहरालगतच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींच्या इतिहासात शोधावे असे मला वाटते.

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी एन्ड्युरन्स या सुट्या भागांच्या कंपनीनेही शहरात ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचे काम सुरू केले. या कामातला डाय, म्हणजे साचा, नीट पाहिला तर शाखांची वाटणी किती कृत्रिम आहे ते कळते. वितळलेले ॲल्युमिनियम थंड होताना किती आकसेल हा धातुशास्त्राचा प्रश्न, पोलाद कापायचे कसे हा यंत्रशाखेचा, आणि कडक पोलादात बारीक खाच पाडणारी ठिणगी विजेची. जर्मन सहकार्याने चिकलठाण्यात उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूमचे महत्त्व यातच आहे: तिथे हे सगळे एकाच माणसाच्या हाताखालून जाते. पुढे कायद्याने हा रेटा आणखी वाढवला. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील दुचाकींना ब्रेक लावताना चाक घसरू न देणारे एबीएस सक्तीचे झाले, एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झाले, आणि बहुतेक दुचाकींतल्या कार्ब्युरेटरची जागा सेन्सर व इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली. 2022 मध्ये एन्ड्युरन्सने बॅटरी व्यवस्थापनाची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बनवणारी मॅक्सवेल ही कंपनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ब्रेक आणि सस्पेन्शन बनवणाऱ्या एन्ड्युरन्सला इलेक्ट्रॉनिक्सची गरज पडली, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा.

यावर कुणी म्हणेल, हे सारे एकच पदवी असलेल्यांनी, काम करता करता शिकून केले. मग दुसऱ्या एम. टेक.मध्ये दोन वर्षे का घालवायची? जुळणी आणि दुरुस्तीपुरते हे खरे आहे. पण ठरलेले एबीएस गाडीला बसवणे वेगळे आणि नवे रचणे वेगळे. चाक घसरण्याचे गतिशास्त्र आणि नियंत्रणाचे गणित तिथे एकाच समीकरणात येतात, आणि ते गणित नुसत्या अनुभवाने हाती लागत नाही. मग एक यंत्र अभियंता आणि एक इलेक्ट्रॉनिक्सचा असे दोघे घ्यावेत, असाही सल्ला दिला जातो. घ्यावेतच. तरीही बॅटरी तापते तेव्हा दोष थंड करण्याच्या रचनेत आहे की तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये, हे ठरवायला दोन्ही बाजू कळणारा कुणीतरी लागतोच.

खर्चाचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे खोडू शकत नाही. पावसावर संसार चालणाऱ्या मराठवाड्यातल्या घराला मुलाच्या कमाईविना आणखी दोन वर्षे जड जातात, आणि दुसऱ्या पदवीने पगार दुप्पट होत नाही. एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. त्यामुळे वर्षे वाचतील, पण कारखान्यातला अडलेला प्रश्न हातात नसताना घेतलेली दुसरी पदवी बहुधा कागदावरच राहील. आधी तीन-चार वर्षे शॉप फ्लोअरवर काढावीत, मग दुसऱ्या शाखेकडे वळावे, हा क्रम मला अधिक न्याय्य वाटतो. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने शहराजवळच्या बिडकीनमधील प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तिथे काम करू पाहणाऱ्यांसाठी शहरातल्या महाविद्यालयांनी संध्याकाळचे एम. टेक. वर्ग चालवावेत आणि प्रबंधाचा विषय कारखान्यातूनच घ्यावा.